गावाची संध्याकाळ आणि लेकरांचं मन

धाराशिव जिल्ह्यात उमरगा तालुक्यात जकेकूरवाडी नावाचं गाव आहे. काही वर्षांपूर्वी या गावाने ठरवलं की संध्याकाळी भोंगा झाला की दोन तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे आणि पोरांनी अभ्यासाला बसायचं. त्याच्या आधी, 15 ऑगस्ट 2022 ला, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने अशी सुरुवात केली होती. तिथे सातला भोंगा व्हायचा आणि साडेआठपर्यंत सगळं बंद. बातम्या आल्या, कौतुक झालं, काहींनी नाकं मुरडली. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, घरात कुणी काय बघावं हे ग्रामपंचायतीने कशाला ठरवायचं? ज्याचं त्याने बघावं.

ज्याचं त्याने बघावं, हे मला मान्य नाही. लेकराचं मन कशावर वाढतं हा घरातल्या शिस्तीपुरता मामला नाही. शाळा, रस्ता, पिण्याचं पाणी ही जशी गावाची कामं, तसंच हेही गावाचं काम आहे. मराठवाड्याला हे एके काळी पक्कं ठाऊक होतं. पुढे आपण ते सोडून दिलं, आणि ती जागा अशा कंपन्यांनी घेतली ज्यांना आपल्या लेकरांच्या वाढीशी काहीएक देणंघेणं नाही, त्यांचा वेळ तेवढा हवा आहे.

आधी मनाचंच बघू, कारण 'मोबाइलने पोरं बिघडली' एवढं म्हणून काही कळत नाही.

बोलणं मूल आपोआप शिकतं, भोवती बोलणारी माणसं असली की झालं. वाचनाचं तसं नाही. माणसाने लिपी शोधून जेमतेम पाच हजार वर्षं झाली आहेत, आणि वाचनासाठी म्हणून मेंदूत वेगळी जागा तयार व्हायला एवढा काळ पुरत नाही. मग वाचायला शिकल्यावर मेंदूत होतं काय? फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या प्रौढांचे मेंदू तपासले. काही जण कधी शाळेतच न गेलेले, काही लहानपणी शिकलेले, काही मोठेपणी साक्षर झालेले. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातली डावीकडची थोडी जागा वाचणाऱ्यांच्या मेंदूत अक्षरांच्या कामाला लागलेली दिसली. मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही हा बदल होता. म्हणजे रोज जे करतो त्याप्रमाणे मेंदूची मांडणी बदलते. हे फक्त शाळकरी वयात घडतं असंही नाही. वाचन करणाऱ्याचा मेंदू वाचनाने घडतो, आणि दिवसभर बोटाने पडदा सरकवणाऱ्याच्या मेंदूलाही त्याच कामाचा सराव होत असतो.

दुसरा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत सिएटल इथे पॅट्रिशिया कूल यांनी तो केला आणि 2003 मध्ये प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची, इंग्रजी बोलणाऱ्या घरातली बाळं घेतली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा येऊन खेळली, बोलली, त्यांनी पुस्तक दाखवलं. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचं तसंच बोलणं टीव्हीवर दाखवलं, आणखी काहींना नुसतं ऐकवलं. ज्यांच्यासमोर प्रत्यक्ष माणूस होतं ती बाळं चिनी भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली. टीव्हीवाल्या आणि नुसतं ऐकणाऱ्या बाळांना त्यातलं काहीच आलं नाही. आवाज तेच होते, शब्द तेच होते. बाळाने बघितल्यावर त्याच्याकडे बघणारं, त्याने हुंकार दिला की थांबणारं माणूस तेवढं नव्हतं.

आता हा प्रयोग डोक्यात ठेवून ऊसतोडीच्या तळावर जाऊन बघा. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या तालुक्यांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला भेटायला मी एका कारखान्याच्या तळावर गेलो होतो. पहाटे अंधारातच माणसं फडात गेलेली. पाचटाच्या कोपीत आठ-नऊ वर्षांची पोरगी आणि तिच्या मांडीवर दीडेक वर्षाचा भाऊ. पाण्याच्या घागरीला टेकवून मोबाइल उभा केलेला आणि त्यात हिंदी कार्टून चालू. मधे जाहिरात आली की ती पोरगी न बघताच अंगठ्याने ती बंद करायची. बाळ रडत नव्हतं, हसतही नव्हतं. मी दोनदा हाक मारली तरी त्याने मान वळवली नाही. चार्जिंग संपत आलं तशी पोरगी कासावीस झाली, कारण आई येईस्तोवर बाळाला सांभाळायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिची स्वतःची शाळा गावाकडे राहिली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगून ठेवलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नको, आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. हे त्या माऊलीला कुणी आणि कोणत्या तोंडाने सांगायचं? पहाटेपासून ती फडात मोळ्या बांधते आहे. तिच्याकडे पाळणाघर नाही, सासू गावाकडे आहे, आणि लेकरू वाहनाखाली किंवा चुलीजवळ जाऊ नये एवढीच तिची काळजी आहे. तिने मोबाइल दिला त्यात तिची चूक नाही. चूक आमची आहे, ज्यांनी साखर खाल्ली आणि तळावर पाळणाघर मागितलं नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी राज्यात महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आहे. ती शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांच्या कामी येते. आईबरोबर आलेल्या दीड वर्षाच्या बाळाचा त्यात हिशेबच नाही, आणि मनाची जमीन तयार होते ती नेमकी याच वयात.

शहरातल्या फ्लॅटमध्ये आई घरी असते तरी बाळाच्या तोंडात घास जावा म्हणून समोर मोबाइल धरला जातो. तिथे माझी भाषा कडक होईल. पण तिथेही प्रश्न एकट्या आईचा नाहीच. आजी दुसऱ्या गावी, शेजारी दार बंद करून बसलेले, बाप रात्री येणार. लेकराशी बोलणारी माणसं कमी झाली म्हणून पडदा आला, हा क्रम विसरता येत नाही.

मराठवाड्याला हे एके काळी ठाऊक होतं असं मी म्हणालो, त्याचं कारण सांगतो. निजामाच्या राज्यात मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकायची सोय फार थोडी होती. सरकारी शिक्षणाचं माध्यम उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये निघालं तेच उर्दू माध्यमाचं. सभा घ्यायची तर परवानगी लागायची, आणि ही अट घालणाऱ्या 'गश्ती निशाण 53' या फर्मानाचं नाव आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. अशा वेळी इथल्या माणसांनी काय केलं? शाळा काढल्या आणि वाचनालयं काढली. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते, मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व पुढचं. परभणीचं गणेश वाचनालय, औरंगाबादचं बलवंत वाचनालय ही त्या काळातली नावं आहेत. एक वर्तमानपत्र येई, एक जण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत, मधेच थांबवून विचारत, वाद घालत. आ. कृ. वाघमारे यांनी तिसाच्या दशकाच्या अखेरीस 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केलं. निजाम सरकारने बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा निघायचं. पुढे अनंत भालेरावांनी ते चालवलं आणि या प्रदेशाला स्वतःच्या प्रश्नांवर बोलायची सवय लावली. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मुक्त झालो ते फौजेच्या कारवाईने, हे खरं. पण मुक्त होण्यालायक मनं त्याआधी तीस वर्षं तयार होत होती, आणि ती कुणाच्या खासगी शिस्तीतून झाली नव्हती. लोकांनी वर्गणी काढून ती सोय उभी केली होती.

ती सोय सगळ्यांची होती का? नव्हती. बहुतेक वाचनालयांत बाई दिसायची नाही. कीर्तनाच्या मांडवात कुणी कुठे बसायचं हे जातीने ठरलेलं असे. या भूमीत नामदेव, जनाबाई, गोरोबा, एकनाथ झाले, म्हणून इथल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचला असं म्हणणं खोटं ठरेल. ज्यांना दारातच अडवलं होतं त्यांनी स्वतःची सोय स्वतः उभी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जाऊ लागलं. नागसेनवन या कॉलेजच्या आवारात खेड्यापाड्यांतून पोरं आली, वसतिगृहात राहिली, ग्रंथालयात बसली. ज्यांच्या घरात एक छापील कागद नव्हता अशांची पहिली पिढी तिथे लिहिती झाली. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक साठच्या दशकाच्या अखेरीस याच शहरातून निघालं आणि मराठी साहित्याला एक नवी बाजू मिळाली. माध्यमं मन घडवतात याचा यापेक्षा ठसठशीत पुरावा मला मराठवाड्यात दुसरा दिसत नाही. त्या मुलांना वाचायला मिळालं, वाचलेल्यावर बोलायला माणूस मिळाला आणि लिहिलेलं छापायला जागा मिळाली. हे सगळं एकाच आवारात होतं.

आता यावर एक आक्षेप हमखास येतो. प्रत्येक नव्या माध्यमाला जुनी पिढी नावं ठेवते. सिनेमाला ठेवली, ट्रान्झिस्टरला ठेवली, रामायण-महाभारताच्या वेळी टीव्हीला ठेवली, पोरं काही वाया गेली नाहीत. आक्षेप योग्य आहे आणि म्हणूनच या वेळी वेगळं काय आहे ते नेमकं बघायला हवं.

परभणी आकाशवाणीवर शेतीचा कार्यक्रम लागायचा. तो बांधावर, पारावर, हॉटेलात चार जण मिळून ऐकायचे. कार्यक्रम संपायचा. प्रसारण संपल्याचं निवेदकच सांगायचा आणि रेडिओ मुका व्हायचा. मग 'ही फवारणी आपल्या काळ्या रानात चालंल का' यावर बोलणं व्हायचं. ऐकलेलं मुरायला वेळ मिळायचा. दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' संपलं की संपलं. रेडिओ कोण ऐकतंय हे रेडिओला ठाऊक नव्हतं, म्हणून तो ऐकणाऱ्याच्या कलाने बदलतही नव्हता. हातातल्या मोबाइलवरचं व्हिडिओचं रहाटगाडगं थांबत नाही. पान संपू नये, बोट सरकत राहावं ही रचना 2006 मध्ये एझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञाने केली आणि नंतर त्याचा त्याला पस्तावा झाला, हे त्याने जाहीरपणे सांगितलं आहे. शिवाय आपण कुठे थांबलो, काय दोनदा पाहिलं, कशाने चिडलो, याची तिकडे नोंद होते आणि पुढचा व्हिडिओ त्याप्रमाणे येतो. 2016 मध्ये डेटा स्वस्त झाला आणि हे सगळं वाडी-तांड्यावर पोचलं. 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण महिना उलटायच्या आत त्याच जातीचं दुसरं साधन आपल्या मोबाइलवर होतं. बंदीने सवय गेली नाही, तिचं नाव तेवढं बदललं.

म्हणून मी माध्यमाची पारख पडदा आहे की कागद यावरून करत नाही. जे मी शोधत गेलो ते मला वाढवतं. जे माझ्यापुढे ओतलं जातं ते मला फक्त धरून ठेवतं. अहमदपूर किंवा कंधार तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची मुलगी बघा. लातूरच्या शिकवणीची फी तिच्या बापाला झेपणारी नाही. ती रात्री 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी जीवशास्त्राचा एक धडा मोबाइलवर बघते, थांबवते, मागे नेते, वहीत आकृती काढते, पुन्हा बघते. तो मोबाइल तिचा शिक्षक आहे. तो हिसकावून घ्या म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी कधीही उभा राहणार नाही. बालभारतीने 1971 मध्ये सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आज फुकट वाचायला मिळतात, तेही त्याच पडद्यावर. उलट लातूरच्या वसतिगृहांत राहणाऱ्या पोरांना कितीतरी आई-बाप बटणाचा साधा मोबाइल देतात. तेही मला समजतं, कारण धडा संपल्यावर आपोआप पुढचं जे सुरू होतं त्याच्याशी सतरा वर्षांच्या पोराने एकट्याने रोज झुंजावं ही अपेक्षा क्रूर आहे. पडद्यापलीकडे शेकडो हुशार माणसं पगार घेऊन त्याने थांबू नये यासाठी बसलेली आहेत.

'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या पाहण्या ग्रामीण भारताचं चित्र सांगतात. 2023 च्या पाहणीत 28 ग्रामीण जिल्ह्यांतली 14 ते 18 वयाची मुलं पाहिली. जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि त्यांना तो वापरता येत होता. त्याच वयाच्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयाच्या मुलांना विचारलं, गेल्या आठवड्यात मोबाइल कशासाठी वापरला? अभ्यासासाठी म्हणणारी 57 टक्के आणि समाजमाध्यमांसाठी म्हणणारी 76 टक्के. या आकड्यांत मला मुलांचा दोष दिसत नाही. वाचता न येणाऱ्याच्या हातात बघण्याचं यंत्र दिलं तर तो बघणारच.

शिवाय मोबाइलच्या आधीच आपण बरंच नुकसान करून ठेवलं होतं, हे शिक्षक म्हणून मला सांगितलंच पाहिजे. अकरावीच्या वर्गात मी दुष्काळावरचा दीड पानाचा उतारा देतो. वाचून झाला की पुस्तक मिटायला लावतो आणि विचारतो, लेखकाचं म्हणणं काय आहे आणि ते तुला पटलं का? पहिल्या प्रश्नाला मुलं उताऱ्याची शेवटची ओळ म्हणून दाखवतात. दुसऱ्या प्रश्नाला वर्ग गप्प होतो. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, 'सर, पटलं का, हे परीक्षेत येतं का?' ही मुलगी मोबाइलने घडवलेली नाही. गाईडने, अपेक्षित प्रश्नसंचाने आणि टक्क्यांच्या जाहिरातींनी घडवलेली आहे. परीक्षेच्या कसून तयारीच्या लातूर पॅटर्नने खेड्यातली हजारो मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली, त्याचा मला अभिमान आहे. पण मजकूर म्हणजे त्यातून गुण काढून घ्यायची वस्तू, ही सवय आपण शाळेतच लावली. मजकुराशी वाद घालायचा असतो हे सांगायचं राहून गेलं. वाद घालायची सवय नसलेल्या मनापुढे मग फॉरवर्ड येतो.

1977 मध्ये अमेरिकेत हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या तिघांनी एक साधा प्रयोग केला. काही विधानं लोकांना काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा दाखवली. खरी असोत वा खोटी, पुन्हा पुन्हा समोर आलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटू लागली. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं. आज एकच खोटी गोष्ट सकाळी भावकीच्या ग्रुपवर, दुपारी गावच्या ग्रुपवर आणि रात्री सोयऱ्यांच्या ग्रुपवर येते. तीन ओळखीच्या माणसांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं मन म्हणतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवल्याचे संदेश तेव्हा गावोगाव फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. मर्यादा चांगली होती, पण ती पाच जीव गेल्यावर आली.

आपल्याकडे तर गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरून गावं उभी चिरली गेली. प्रश्न खरा आहे. शेती तोट्यात आहे, पोरं शिकून घरी बसली आहेत, त्यावर आंदोलन व्हावं, कडक वाद व्हावा. पण ऑक्टोबर 2023 अखेरीस बीडमध्ये घरं-कार्यालयं जळाली, त्यानंतर मी जे मोबाइल पाहिले त्यांत वाद नव्हता. एकाच गल्लीतल्या दोन जातींच्या पोरांच्या पडद्यावर दोन वेगळी गावं दिसत होती. एकाला दिवसभर दुसऱ्याच्या शिव्या दिसत होत्या आणि दुसऱ्याला पहिल्याच्या. दोघांनीही त्या शोधल्या नव्हत्या. चिडलेलं माणूस जास्त वेळ बघतं, म्हणून त्या त्यांच्यापुढे येत होत्या. पूर्वी एकाच वाचनालयात एकच पेपर दोघं वाचून भांडायचे, तेव्हा निदान भांडणाचा विषय तरी एक असायचा.

पैठणच्या एकनाथांची आठवण इथे काढावीशी वाटते. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवून घेतल्या जात आणि ज्याला जे सुचेल त्या ओव्या तो मधे घुसडत असे. एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. मिळालेलं पुढे पाठवण्याआधी तपासून बघावं, ही शिकवण आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. गोदाकाठी ती साडेचारशे वर्षांपूर्वी घालून दिलेली आहे. आमच्या शाळांमध्ये एकनाथांच्या या कामावर दोन गुणांचा प्रश्न येतो. त्याऐवजी एक फॉरवर्ड फळ्यावर लिहून तो कुठून आला, कुणी म्हटलं, कधीचा आहे, हे मुलांकडून तासभर शोधून घ्यावं. मी घेतो. पहिल्या पंधरा मिनिटांत वर्ग अस्वस्थ होतो, आणि मग जे बोलायला लागतात त्यांना आवरावं लागतं.

मग गावाने काय करावं? नुसत्या भोंग्याने भागणार नाही. भोंगा दोन तास रिकामे करून देतो. त्या दोन तासांत मुलापुढे काय ठेवायचं हे ठरलं नाही तर पोरगं घड्याळाकडे बघत बसेल. कायद्यावरही भिस्त ठेवता येत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई केली, हे चांगलं केलं. पण आमच्याकडची पोरं आईच्या किंवा चुलत्याच्या मोबाइलवर, त्यांच्याच खात्यावरून बघतात. कायद्याच्या लेखी तिथे मूल नाहीच, चाळीस वर्षांचा माणूस कार्टून बघतो आहे.

वाचनालयांची अवस्था तर विचारू नका. महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, अ, ब, क, ड असे वर्ग केले. 2012 नंतर दहा वर्षं अनुदान जागचं हललं नाही आणि 2022 च्या अखेरीस 60 टक्के वाढ झाली. त्या वाढीनंतर ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला 48,000 रुपये मिळू लागले. महिन्याला 4,000. त्यात ग्रंथपालाचा पगार, पुस्तकं, पेपरांची बिलं, लाइट, सगळं आलं. खेड्यातली बरीच वाचनालयं याच वर्गातली. चार हजारांत माणूस दिवसभर बसणार कसा? म्हणून कुलूप असतं, तपासणीच्या दिवशी निघतं. आणि जिथे उघडं असतं तिथे ते पारावर किंवा बसस्टँडजवळ, चार रिकामटेकडे बसलेले, तिथे कोणती पोरगी पाय ठेवील?

माझं मागणं फार मोठं नाही. जवळपास प्रत्येक गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि ती संध्याकाळी पाचला बंद होते. त्यातली एक खोली सहा ते नऊ उघडी ठेवा. शाळेत मुलीला पाठवायला घरचे नाही म्हणत नाहीत. गावात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, डीएड-बीएड करून बसलेली पोरं-पोरी आहेत. त्यातल्या एकीला किंवा एकाला मानधनावर नेमा. काम एवढंच की लहान मुलांना रोज मोठ्याने वाचून दाखवायचं, त्यांनी मधे विचारलं तर थांबायचं, आणि मोठ्यांसाठी एक पेपर आणि एका विषयावर बोलणं. तिथे दोन टॅब असले तरी हरकत नाही, अहमदपूरच्या त्या मुलीने तिथेच धडा बघावा, अडलं तर शेजारी विचारायला माणूस असेल. बोलणारं माणूस समोर असलं की बाळ शिकतं, हे कूल यांच्या प्रयोगाने नऊ महिन्यांच्या वयापासून दाखवलं आहे. नऊ वर्षांच्या आणि एकोणीस वर्षांच्या मुलांचंही मी रोज तेच बघतो. ऊसतोडीच्या तळावर हेच काम पाळणाघराच्या रूपाने कारखान्याने करावं आणि महामंडळाने ते करून घ्यावं.

पैसा कुठून आणायचा, हे विचारणाऱ्यांना आमच्या भागातल्या जत्रा दाखवाव्याशा वाटतात. एका रात्रीच्या डीजेला आणि ऑर्केस्ट्राला जी वर्गणी निघते तीत अशी एक खोली कित्येक महिने चालेल. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा, आणि ठरावात वाचून दाखवणाऱ्या माणसाचं मानधन आधी लिहा, पुस्तकांची यादी नंतर. पुस्तकं देणग्यांतून मागाहून जमवता येतात. मानधन लिहायचं राहिलं तर चार महिन्यांत ते पोरगं पुण्याला कामाला जातं आणि खोलीची किल्ली पुन्हा शिपायाकडे जाते.